उतरवायचं राहून गेलं

२ सप्टेंबर

आले बाई एकदाची! सामान ते काय, दोन बॅगा, एक उशी आणि आईची शिवणाची कात्री. दादा गाडीत बसवून द्यायला आला होता. गाडी सुटता सुटता म्हणाला, की ढमे, लोक या वयात नोकरीला कंटाळतात आणि तू पहिली नोकरी धरायला निघालीस. मी म्हटलं, मग काय, माझा उत्साह अजून कोरा करकरीत आहे.

चाळिशी उलटली तरी दादासाठी मी ढमीच. तसं म्हणणारा तो आता जगात एकटाच उरलाय. आईच्या उस्तवारीत वर्षं गेली, लग्न जमलं नाही, आणि जमावं म्हणून कोणी फारसे हातपायही हलवले नाहीत. आई झोपली की मी समुपदेशनाच्या अभ्यासाला बसायची. आई गेली आणि त्या पदविकेच्या कागदाच्या जोरावर ही नोकरी मिळाली: अबोल, घाबरलेल्या, रुसलेल्या मुलांना खेळातून, मातीतून, नाटकातून बोलतं करायचं. मुलांशी माझं पहिल्यापासून जमतं. मोठ्यांशीच गाडी अडते.

खोली वरच्या मजल्यावर आहे. पलंग, टेबल, एक खुर्ची. मालकीणबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी घसा बसला. खिडकीतून एक लांबलचक सरळ रस्ता दिसतो आणि त्याच्या टोकाला कालवा. हिरवट, संथ पाणी, काठाने पायवाट. बघत बसायला बरं आहे. संध्याकाळी ब्रेड आणि चहा घेऊन तेच केलं.

३ सप्टेंबर

आमचं केंद्र पूर्वी छापखाना होतं. भिंतींना अजून शाईचा वास येतो. खाली मातीची खोली, तिथे मातीवाले सर असतात, कोपरापर्यंत माखलेले आणि बहुतेक वेळ गप्प. शेजारी ढोलकी-खंजिऱ्यांची खोली. आणि जिन्याखालून आत गेलं की माझी, सोंगांची खोली. एक मोठी पेटी जुन्या कपड्यांची, टोप्यांची, चष्म्यांची. समोरासमोर दोन खुर्च्या. बाकी काही नाही.

मोठ्या मॅडम म्हणजे उंच, आखूड पांढरे केस, आणि आवाज शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जे मूल सरळ बोलू शकत नाही ते सोंगातून बोलतं. कधी स्वतः सोंग घेतं, कधी आपल्याला देतं. कोणी रिकाम्या खुर्चीला बाप समजून भांडतं, कोणी मेलेल्या कुत्र्याचा निरोप घेतं. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. पण मॅडमचा एक नियम पुस्तकापेक्षा कडक आहे. जे चढवलं ते खोलीतच उतरवायचं, त्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

उतरवायची रीत अशी: कपडा काढायचा, धूळ झटकावी तसे दोन्ही हात झटकायचे, मोठ्याने म्हणायचं की मी अमकी नाही, मी तमकी आहे. मग समोरच्याने डोळ्यांत बघून आपल्याला आपल्या नावाने हाक मारायची. शेवटी खुर्ची भिंतीकडे वळवायची आणि म्हणायचं, ही नुसती खुर्ची आहे. मॅडमनी मला टोपी घालून दुकानदार केलं, थोडी घासाघीस केली आणि मग उतरवायला लावलं. मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सोंग एकट्याने चढवता येतं, उतरवायला मात्र दुसरं माणूस लागतं.

मी म्हटलं, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, हे तुमच्याकडचा पगार ऐकूनच कळलं. तेव्हा कुठे हसल्या.

जाता जाता आणखी एक सांगितलं. घरच्या वहीतसुद्धा मुलांची नावं लिहायची नाहीत. तेव्हा इथे टोपणनावंच चालतील.

५ सप्टेंबर

दोन मुलं पक्की माझ्या गळ्यात पडली. एक वकीलसाहेब. वय आठ, प्रत्येक वाक्याला ‘पण का’. आईवडील वेगळे राहायला लागल्यापासून तो सगळ्या जगाची उलटतपासणी घेतोय. आज त्याने मला न्यायाधीश केलं, खटला चालवला आणि मलाच दंड ठोठावला. उतरवताना माझ्या नावाची हाकही त्याने हुकूम सोडल्यासारखी मारली. खूप हसलो.

दुसरी बटण. वय सहा. बोलत नाही. मुकी नाही, ऐकू सगळं येतं, पण वसंतात आई गेल्यापासून तोंडातून शब्द नाही. फ्रॉकचं वरचं बटण दोन बोटांत धरून फिरवत बसते, तेही इतकं की आत्या दर आठवड्याला ते नव्याने शिवते. आत्याच तिला घेऊन येते. वडील बस दुरुस्तीच्या कारखान्यात आहेत. आत्याने सांगितलं ते एवढंच, की माय-लेकी कालव्यावर फिरायला गेल्या होत्या, आईचा पाय घसरला, आणि लोक आले तेव्हा पोर काठावर एकटी बसलेली होती. तिच्या फ्रॉकची एक बाही कोपरापर्यंत भिजलेली होती.

पूर्ण तास ती पेटीतले कपडे बाहेर काढून घड्या घालत बसली. मीही समोर बसून घड्या घातल्या. तिच्या जास्त सुबक होत्या.

१२ सप्टेंबर

आज बटणला पेटीच्या तळाशी एक करडा स्वेटर सापडला. हातविणीचा, मोठी लाकडी बटणं असलेला. तिने तो उचलून समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर चढवला, बाह्या पुढे घेतल्या आणि त्या मांडीवर ठेवाव्यात तशा ठेवल्या. मग जमिनीवर बसून बघत राहिली. मी काही विचारलं नाही. विचारायचं नसतंच. फक्त म्हणाले, की कोणीतरी आलंय आपल्याकडे. तिने मान हलवली.

वेळ संपल्यावर मॅडम आत आल्या. बटण हाक मारू शकत नाही म्हणून तिच्या वेळी उतरवायला त्या येतात. मी काही चढवलं नव्हतं, तरी त्यांनी मला नावाने हाक मारली, बटणला मारली, स्वेटर घडी करून पेटीत टाकला, खुर्ची भिंतीकडे वळवली. पुढचे काही आठवडे त्या प्रशिक्षणाला बाहेरगावी आहेत. बजावून गेल्या, की बटणच्या वेळी मातीवाल्या सरांना बोलवायचं, विसरायचं नाही.

१५ सप्टेंबर

रविवार. रविवार हा वार कोणी काढला देव जाणे. सकाळी केस धुतले, खिडकीचे पडदे शिवायला घेतले, कात्रीला धार लावून आणली. दुपारी कालव्याच्या काठाने लांबवर चालत गेले. लोक जोडीने, मुलांना घेऊन फिरत होते. कोणी ओळखीचं असायचं कारणच नाही, तरी मी येणाऱ्या प्रत्येकाकडे हसायची तयारी करून बघत होते.

दर रविवारी दादाचा फोन येतो. आज त्याच्याकडे पाहुणे होते, त्यामुळे ढमे, पुढच्या वेळी निवांत बोलू, एवढंच. इथे मला सगळे ताई म्हणतात. मुलं ताई, आत्या ताई, मालकीणबाईही ताई. चांगली हाक आहे. पण मॅडम गेल्यापासून माझं नाव कोणी तोंडातून काढलेलं नाही, हे आज भाजी चिरताना जाणवलं.

१९ सप्टेंबर

आज जे झालं ते आयुष्यभर विसरणार नाही.

बटणने पुन्हा तोच स्वेटर काढला. खुर्चीवर टाकला, विचार केला, परत उचलला आणि माझ्याकडे आणला. मी घातला. बरोबर बसला. तिने मला खुर्चीत बसवलं, माझे हात माझ्या मांडीवर ठेवले, दोन पावलं मागे जाऊन नीट पाहिलं. तिच्या बुटाची नाडी सुटली होती. मी वाकून बांधली, दुहेरी गाठ मारली आणि बुटावरून तिचा अंगठा हलकेच ओढला. का ओढला कुणास ठाऊक, हात आपोआप गेला.

आणि ती म्हणाली, “आई.”

एवढंच. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. मग माझ्या मांडीत डोकं खुपसलं. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले आणि मला रडू आवरेना. असं रडायचं नसतं, हे मला माहीत आहे.

वेळ संपली. सरांना बोलवायला हवं होतं. भिंतीपलीकडे त्यांचं चाक फिरल्याचा आवाज येत होता, नुसती हाक मारायची होती. पण ती हाक मारायची म्हणजे त्या पोरीच्या डोळ्यांदेखत स्वेटर काढायचा आणि मोठ्याने म्हणायचं की मी तुझी आई नाही. इतक्या महिन्यांनी फुटलेला शब्द, आणि त्याला मी असं उत्तर देऊ? पुढच्या वेळी, म्हटलं. आत्याला बातमी सांगितली तेव्हा ती भिंतीला टेकून रडली. फाटकातून बटणने वळून हात हलवला आणि पुन्हा तीच हाक मारली. मीही हात हलवला.

खरं लिहायचं तर, नियम मोडला तो फक्त तिच्यासाठी नाही. मला ती हाक हवी होती. या जन्मात ती मला कोणी मारेल असं वाटलं नव्हतं. येताना हवेत गारवा होता म्हणून स्वेटर तसाच घालून आले. टेबलापाशी बसून लिहितेय, अजून अंगात आहे.

२२ सप्टेंबर

किती दिवसांनी रविवार बरा गेला. गुणगुणत होते. चालही माहीत नाही कशाची. दादाला सगळं सांगितलं, तर म्हणाला, ढमे, सांभाळ, पोरीला लळा लावशील आणि तूच अडकशील. मला राग आला. ज्याच्या घरात दोन-दोन पोरं आई-बाबा म्हणून ओरडतात त्याला सांगायला काय जातं? फोन लवकर ठेवला.

उजवा हात जरा गारठल्यासारखा वाटतो. बोटांची टोकं सुरकुतली आहेत, खूप कपडे धुतल्यावर होतात तशी. मी आज कपडे धुतले नाहीत.

२६ सप्टेंबर

बटण आता आठवडाभर घरी बोलतेय. पाणी, नको, झोप, असे सुटे शब्द. आत्या म्हणाली, घरात दिवाळखोरी संपून घबाड सापडल्यासारखं झालंय. मग सहज म्हणाली, की ताई, नाडी बांधून अंगठा ओढायचं तुम्हाला कोणी सांगितलं? पोरीने घरी करून दाखवलं. वहिनी करायची तसं.

मी म्हणाले, सगळ्याच आया करतात. करतात का? माझी आई करत नव्हती.

आत गेल्यावर बटण माझ्यासमोर उभी राहिली. स्वेटर मी घरूनच घालून गेले होते. ती बटण फिरवत, खाली बघत हळूच म्हणाली, की तिने हात सोडला. आईचा हात तिने सोडला.

यासाठीच तर सगळा खटाटोप असतो. आतलं शल्य बाहेर येतं आणि ते झेलायला आपण तिथे असतो. काय म्हणायचं ते मला पाठ होतं. बरं केलंस बाळा, सोडलास ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही. मी तोंड उघडलं.

आणि मी म्हणाले, की आता नको सोडूस.

माझाच आवाज. पण मी तसं म्हणणार नव्हते. पोरीने मान हलवली. हो म्हणाली.

सरांना बोलवलं नाही. धावत घरी आले.

२९ सप्टेंबर

स्वेटर काढला. हात झटकले. आरशासमोर उभी राहून म्हणाले, मी बटणची आई नाही, मी मी आहे, आणि स्वतःलाच नावाने हाक मारली. एकदा, दोनदा, घसा कोरडा पडेपर्यंत. खालून मालकीणबाईंनी विचारलं, कोणाला बोलावताय? त्यांना ऐकू गेलं म्हणजे मी किती ओरडले असेन.

स्वेटर घडी करून बॅगेत ठेवला. संध्याकाळी चहा करताना पाहिलं तर अंगात होता. बाह्या मनगटाशी ओल्या.

आणखी एक. आज कप डाव्या हातात आहे. भाजीही डाव्या हातानेच चिरली, आणि छान चिरली. हे लिहितेय तेही — वही वळवून पाहिली. अक्षर डावीकडे झुकलंय.

३० सप्टेंबर

सरांकडे गेले. म्हटलं, मला नावाने हाक मारा. ते इतके अवघडले. मातीचे हात पुसत म्हणाले, की ताई, माफ करा, मला तुमचं नाव माहीतच नाही, सगळे ताई म्हणतात. मग कचेरीत जाऊन हजेरीपटात बघून आले. डोळ्यांत बघून, नीट, दोनदा हाक मारली. चांगला माणूस आहे.

मी ‘हो’ म्हणायला हवं होतं. पण मी वळून मागे पाहिलं, की कोणाला बोलावताहेत. वर्गात गैरहजर मुलीचं नाव पुकारतात ना, तसं वाटलं.

१ ऑक्टोबर

बटणचे वडील आले होते, आभार मानायला. दारातच थबकले. स्वेटरकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होते. मी डाव्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला होता. म्हणाले, तीही डावरी होती.

मग बसले आणि जे बहिणीलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पाय घसरला नव्हता. तिचं मन फार दिवस ठीक नव्हतं. त्या दिवशी तिने लेकीला शाळेतूनच परस्पर नेलं, नाड्या घट्ट बांधल्या, आणि तिचा हात धरून पाण्यात उतरली. एकटीला जायचं नव्हतं तिला. माणसांत राहूनही तिला फार एकटं वाटायचं, असं ते म्हणाले, आणि त्याचा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. पोरीने हात सोडवून घेतला म्हणून पोर आहे.

मी त्यांना म्हणाले, बटणला इथे आणू नका. मला भेटू देऊ नका. कारण सांगता येईना. ते पेला तसाच ठेवून उठले.

गेल्यावर मला त्यांचा राग आला. माझ्या लेकीला माझ्यापासून —

हे वाक्य मी लिहिलेलं नाही.

३ ऑक्टोबर

गुरुवार. बटण आली नाही. चांगलं झालं. बरोबर झालं.

वकीलसाहेब आले. माझ्याकडे जरा वेळ बघून त्याने विचारलं, पण ताई कुठे आहेत? समोर बसले होते रे मी. त्याने खुर्ची भिंतीकडे वळवली — मी बसलेली असताना — आणि रडत बाहेर पळाला.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, माझा मोह आणि माझी चूक, काही लपवलं नाही. त्या रागावल्या नाहीत, त्यानेच जास्त भीती वाटली. रविवारी संध्याकाळी पोचते म्हणाल्या. तोवर लिहीत राहा. उजव्या हाताने. प्रत्येक वाक्य ‘मी’पासून सुरू करा.

४ ऑक्टोबर

मी उजव्या हाताने लिहितेय. मी आज घरीच बसणार होते. मी —

भर दुपारी शुद्धीवर आले तेव्हा उन्हात चालत होते. हातात हात होता. लहान, गरम. बटण माझ्याबरोबर उड्या मारत चालली होती आणि बडबडत होती, पूर्ण वाक्यं, किती गोड बोलते. शाळेच्या फाटकावरच्या बाईने सोडलं तिला. पोर स्वतः आई म्हणाली म्हटल्यावर कोण अडवणार? सरळ रस्ता. समोर कालवा. तिच्या नाड्या दुहेरी बांधलेल्या.

मागून सायकलची घंटी वाजली. मी हात सोडला. ढकललंच तिला, सायकलवाल्याच्या अंगावर. घरी पोचवा म्हणाले, पळा म्हणाले. ती रडत होती की आता तिने सोडला नव्हता, या वेळी तिने सोडला नव्हता.

वडिलांना फोनवर सांगितलं, दाराला कुलूप लावा. हो म्हणाले.

मी दादाकडे निघाले. स्टेशनकडे. पाय कालव्याकडे वळतात. तीनदा.

५ ऑक्टोबर

दादाचा फोन. रविवार नसताना केला, काळजी वाटली म्हणून. माझा दादा.

मी हॅलो म्हणाले. तो म्हणाला, नमस्कार, ढमी आहे का? जरा फोन देता का तिला?

मी म्हणाले — मला म्हणायचं होतं दादा, मीच रे, मीच आहे, ये ना —

मी म्हणाले, ती नाहीये इथे.

तो आभार मानून म्हणाला, आली की सांगा दादाचा फोन होता. फोन ठेवला.

आली की सांगेन.

६ ऑक्टोबर

मी सोंगांच्या खोलीत आहे. केंद्र बंद. मी दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली दाराखालून बाहेर सरकवली. म्हणजे मला जाता येणार नाही. मॅडम येतील, किल्ली उचलतील. बाहेरचं दार त्यांच्यासाठी नुसतं लोटून ठेवलंय. खिडकीला गज आहेत. बरोबर केलं. हे मी केलं, मीच.

मी दोन्ही खुर्च्या भिंतीकडे वळवल्या. नुसत्या खुर्च्या आहेत.

मी उजव्या हाताने लिहितेय. बोटं वाकत नाहीत.

मला दादा आहे. मला आईची कात्री आहे. मी मुलीच्या सुखासाठी नाही, माझ्या — मला एकटं वाटत होतं. तिलाही वाटत होतं. म्हणून तिला माझ्यात जागा —

ऊन भिंतीवरून खाली आलं. मॅडमना अजून वेळ आहे.

बाहेरचं दार वाजलं.

लहान पावलं.

नाही. नाही, कुलूप लावतो म्हणाले होते ते —

दाराखाली सावली आहे. तिने हाक मारली. बोलायचं नाही. मी उत्तर द्यायचं नाही. मी उत्तर दिलं नाही तर ती जाईल. देवा, किती एकटी उभी आहे ती.

किल्ली उचलल्याचा आवाज.

बटणा, जा. पळ. मी तुझी आई नाही, मी तुझी आई नाही गं, मी

मी

किल्ली फिरतेय

आले गं. थांब, नाडी बांधते नीट. हात दे. पाणी गार अ